नायकाने कोसळावे काय?

"दारुडा करून टाकला लेकहो त्याले! हा काय थॉर हाये का?"

महाविद्यालयाच्या आवारातील कडुनिंबाखाली आमच्या मित्राने काढलेला हा उद्गार. त्यावर शेजारीच बसलेली आमची वर्गमैत्रीण म्हणाली, "काऊन? ज्याची माय गेली, बाप गेला, भाऊ गेला, सारं गाव गेलं, त्यानं काय नाचावं का?" झाले! त्या दिवशीचा इतिहासाचा तास कोणाच्याच लक्षात राहिला नाही. वाद सुटला नाही. परंतु तो माझ्या मनात घर करून बसला. एखाद्या महाबलाढ्य नायकाला पडद्यावर मनाने पार कोसळलेला दाखविणे ही त्याच्या मूळ स्वभावाशी प्रतारणा होय काय, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. थॉर हा मुळात उत्तर युरोपातील दंतकथांमधला मेघगर्जनेचा देव. आपल्या इंद्राचा दूरचा भाऊबंद म्हणा ना! अमेरिकन चित्रकथांनी त्याला अतिमानवी नायक केले आणि २०११ सालापासून तो चित्रपटांत आला. त्याचा हातोडा केवळ 'लायक' माणसालाच उचलता येतो. २०१८ सालच्या चित्रपटात थानोस नावाच्या खलनायकावर त्याचा घाव बसतो, पण तो छातीवर, मस्तकावर नव्हे. तेवढ्या अवधीत थानोस चुटकी वाजवितो आणि विश्वातील अर्धे जीव नाहीसे होतात. २०१९ सालच्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' या चित्रपटात थॉर त्याचे मस्तक उडवितो खरा, परंतु गेलेले कोणी परत येत नाही. पुढे पाच वर्षांनी तो दिसतो तेव्हा पोट सुटलेले, केस पिंजारलेले, हाती दारू आणि समोर व्हिडिओ-खेळ! थानोसचे नाव काढले तरी तो थरथरतो. आमच्या मित्राचा राग आहे तो नेमका या दृश्यांवर.

प्रथमदर्शनी हा राग रास्त वाटतो. नायकाची एक ओळख आपल्या मनात ठसलेली असते. लेखकाने तीच पुसून टाकली तर आपली फसवणूक झाली असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हा राग आजचा नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने 'रिपब्लिक' या ग्रंथात हीच तक्रार केली होती. होमरच्या महाकाव्यात अकिलीस हा सर्वश्रेष्ठ योद्धा, पण मित्र पॅट्रोक्लस मारला गेल्यावर तो डोक्यात माती घालून घेतो, धुळीत लोळतो. तो स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट करील म्हणून सोबत्याला त्याचे हात धरून ठेवावे लागतात. प्लेटोचे म्हणणे असे की, थोर पुरुषांचे असले विलाप काव्यातून काढून टाकावेत. तरुणांवर त्याचा परिणाम वाईट होतो. म्हणजे कडुनिंबाखाली बसलेला आमचा मित्र एकटा नाही. त्याच्या बाजूला प्रत्यक्ष प्लेटो उभा आहे!

प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल याने मात्र प्रश्न अधिक नेमका मांडला. पात्राच्या स्वभावात सुसंगती हवी, असे तो 'काव्यशास्त्रा'त सांगतो; आणि विसंगतीचे उदाहरण म्हणून इफिजेनिया या राजकन्येचे नाव घेतो. ती आरंभी जिवाची भीक मागते आणि नंतर स्वखुशीने बळी जावयास निघते. या दोन मुली एकच वाटत नाहीत, असा त्याचा आक्षेप. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अ‍ॅरिस्टॉटलचा आक्षेप रडण्यावर नाही. पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याची वाट दिसत नाही, यावर आहे. माझ्या मते सर्व वादाची किल्ली येथेच आहे. नायक कोसळला की नाही, हे विचारू नये. तो तेथपर्यंत कोणत्या वाटेने आला, हे विचारावे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या परंपरेतील सर्वांत धीरगंभीर नायक कोण, असे विचारले तर दहापैकी नऊजण रामाचे नाव घेतील. आपल्या साहित्यशास्त्रातील 'धीरोदात्त' नायकाचे ते ठळक उदाहरण. दहाव्या शतकातील धनंजयाने 'दशरूपका'त धीरोदात्ताची लक्षणे दिली आहेत : थोर अंतःकरण, गांभीर्य, क्षमाशीलता, आत्मप्रौढीचा अभाव, स्थैर्य, विनयाने झाकलेला अभिमान आणि घेतलेल्या व्रताशी दृढता. या यादीत 'ज्याला कधी रडू येत नाही तो' असे लक्षण कोठेही नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

वाल्मीकीचा राम वनवासाची आज्ञा ऐकतो तेव्हा त्याच्या मुखावरची कांती पालटत नाही. राज्य मिळणे आणि राज्य जाणे त्याला सारखेच. आणि हाच राम सीता दिसेनाशी झाल्यावर अरण्यातील झाडांना तिचा ठावठिकाणा विचारीत फिरतो. तेवढ्यावर थांबत नाही. संतापाच्या भरात साऱ्या जगाचा नाश करण्याची भाषा करतो आणि लक्ष्मणाला त्याची समजूत घालावी लागते. मग हा राम खोटा म्हणावा काय? तसे नाही. राज्याविषयी तो अनासक्त होता. सीतेविषयी तो अनासक्त आहे असे वाल्मीकीने कधी सांगितलेच नव्हते. आपण एका प्रसंगातील शांतपणा पाहिला आणि 'हा कशानेही हलणार नाही' असा निष्कर्ष आपल्या पदरचा काढला. प्रतारणा झाली असेल तर ती आपल्या अंदाजाशी झाली, रामाच्या स्वभावाशी नव्हे.

या बाबतीत सर्वांत धीट पाऊल टाकले ते आपल्या विदर्भाशी नाते सांगणाऱ्या एका नाटककाराने. आठव्या शतकातील भवभूतीचे घराणे पद्मपूरचे. हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. भवभूतीने रामावर दोन नाटके लिहिली. 'महावीरचरिता'त रावणाला मारणारा पराक्रमी राम आहे आणि 'उत्तररामचरिता'त सीतेचा त्याग करून आतून पोखरलेला राम आहे. दोन्हींचा कर्ता एकच. म्हणजे ज्याने वीर उभा केला, त्यानेच तो कोसळताना दाखविला. आणि दोन्ही राम एकच आहेत याबद्दल त्याला शंका नव्हती.

'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक अभ्यासण्यासारखा आहे. सीतेचा त्याग करून बारा वर्षे लोटली आहेत. राम जनस्थानात येतो. ज्या झाडांखाली, ज्या नदीकाठी दोघे राहिले ती स्थळे पाहून त्याचा धीर सुटतो आणि तो मूर्च्छित पडतो. सीता तेथेच आहे. पण ती त्याला दिसत नाही. तिच्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो. वनदेवता वासंती त्याला सीतेच्या त्यागाबद्दल टोचून बोलते आणि त्यावर त्याच्यापाशी उत्तर नाही. भवभूतीचे कसब पाहा : अयोध्येत, प्रजेसमोर, सिंहासनावर हा राम रडत नाही. तेथे त्याचे व्रत आड येते. तो कोसळतो ते अरण्यात, जेथे तो राजा नसून केवळ एक पती आहे. म्हणजे कोसळतानाही तो आपल्या स्वभावाला धरूनच कोसळतो. मात्र एवढ्यावरून रामाचे अश्रू म्हणजे सीतात्यागाचे समर्थन, असे कोणी समजू नये. भवभूतीने वासंतीच्या तोंडी जाब घातला आहे, तो रडून मिटत नाही. नायकाच्या दुःखाने आपल्याला त्याच्याविषयी करुणा वाटावी. त्याची चूक पुसली जाऊ नये.

हा प्रवाह मराठीत अखंड वाहत आला. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' ५६ गीतांतून सादर झाले. सुधीर फडके यांनी त्याला चाली दिल्या आणि रामाच्या तोंडची अनेक गीते स्वतः गायिली. भरताला जीवनाचे तत्त्वज्ञान शांतपणे समजावून सांगणारा राम त्यात आहे आणि सीतेच्या शोधात व्याकूळ झालेला रामही आहे. एकाच कवीने ते शब्द लिहिले. मराठी श्रोत्यांनी दोन्ही गीते मनापासून ऐकली. पहिल्या रामाने दुसऱ्याला खोटे पाडले असे कोणी म्हटले नाही. हेच माडगूळकर १९७३ साली आपल्या यवतमाळला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पुढे १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका आली. शक्ती लागून पडलेल्या लक्ष्मणाला मांडीवर घेऊन शोक करणारा अरुण गोविल यांचा राम लाखो घरांनी पाहिला, आणि २०२०च्या टाळेबंदीत आमच्या पिढीनेही तो पाहिला. आमच्या त्याच मित्राच्या घरी, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, त्या प्रसंगी आजीने पदर डोळ्याला लावला होता. तेव्हा 'हा काय राम आहे का?' असे तो म्हणाला नाही!

अर्जुनाचेही तसेच. विराटाच्या गाई सोडविताना सर्व कौरववीरांना एकट्याने परतवून लावणारा हा धनुर्धर. आणि कुरुक्षेत्रावर त्याच्या हातून गांडीव गळते, अंगाला कंप सुटतो, तो रथात खाली बसतो. श्रीकृष्ण आधी त्याला खडसावतो. आमच्या मित्राचीच भूमिका घेतो, म्हणा ना! पण नुसत्या खडसावण्याने काम भागत नाही असे दिसल्यावर त्याला पुढे सारी गीता सांगावी लागते. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ती मराठीत आणली तेव्हा पहिला अध्याय गाळून टाकला नाही. अर्जुन कोसळला नसता तर गीतेला कारणच उरले नसते. तो शत्रूला भिऊन बसला नव्हता. समोर उभे असलेले आजोबा, गुरू आणि भाऊ पाहून बसला होता. ज्याच्या ठायी नात्यांचा ओलावा आहे, तोच अशा वेळी थरथरेल.

आणि सिंहगडाची कथा कोणा मराठी माणसाला ठाऊक नाही? फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन गड घेतला. त्या वार्तेने शिवाजी महाराज शोकाकुल झाले, हे शाहिरांनी, कादंबरीकारांनी आणि चित्रपटांनी पिढ्यान्पिढ्या सांगितले. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी, त्यानंतर १९३३ साली प्रभातचा 'सिंहगड', थेट २०२०चा 'तान्हाजी', इतका या कथेचा प्रवास आहे. त्या शोकाने महाराज उणे झाले असे आपल्याला कधी वाटले काय? उलट सवंगड्यासाठी ज्याचा जीव तुटतो असा राजा म्हणून ते अधिक आपले वाटतात.

या उदाहरणांवरून चार कसोट्या हाती लागतात, त्या अशा :

पहिली कसोटी कारणाची. घाव नायकाच्या मर्मावर बसला आहे काय? रामाचे मर्म सीता, अर्जुनाचे मर्म स्वजन. क्षुल्लक कारणाने वीर कोसळला तर ते खोटे वाटते.

दुसरी रीतीची. तो आपल्या स्वभावाप्रमाणे कोसळतो काय? राम एकांतात, अकिलीस रागीट असल्यामुळे आकांताने, अर्जुन युक्तिवाद करीत करीत.

तिसरी परिणामाची. कोसळण्याचा मागमूस पुढे राहतो काय? २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील' या चित्रपटात सुपरमॅनला शत्रूचा जीव घ्यावा लागतो आणि तो टाहो फोडतो. ते दृश्य प्रभावी आहे; पण लगेच पुढच्या प्रसंगात तो सेनापतीशी हलकेफुलके बोलताना दिसतो. दुःखाने स्वभावाशी प्रतारणा केली नव्हती. ते इतक्या सहज विसरले जाण्याने केली.

चौथी कसोटी दृष्टीची. लेखक-दिग्दर्शक त्या कोसळलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतात? करुणेने की टवाळीने?

आता थॉरला या कसोट्या लावू. कारण? पुरेपूर आहे. आई २०१३च्या चित्रपटात गेली, वडील आणि सारी जन्मभूमी २०१७च्या चित्रपटात, भाऊ आणि जिवलग सहकारी २०१८ मध्ये. आणि शेवटी आपला घाव चुकला म्हणून अर्धे विश्व गेले ही टोचणी. रीत? तीही जुळते. २०११च्या पहिल्याच चित्रपटात, पित्याने शक्ती काढून घेतल्यावर हातोडा उचलता येत नाही तेव्हा तो चिखलात गुडघ्यांवर बसतो. 'मी लायक आहे काय?' हे त्याचे मर्म पहिल्यापासूनचे आहे. 'एंडगेम'मध्ये तो भूतकाळात जाऊन आईला भेटतो, तिच्यापाशी रडतो आणि मग हात पुढे करतो. हातोडा त्याच्या हाती येतो. सुटलेले पोट तसेच आहे, डोळे ओले आहेत, आणि तरीही तो लायक ठरतो. माझ्या मते हे दृश्य म्हणजे आमच्या मित्राच्या प्रश्नाला चित्रपटानेच दिलेले उत्तर आहे. परिणामाच्या कसोटीवरही त्या चित्रपटापुरता तो उतरतो. शेवटच्या युद्धातही तो जुन्या देखण्या रूपात परत येत नाही आणि राज्य दुसरीच्या हाती सोपवितो. २०२२च्या पुढील चित्रपटात मात्र थोड्या व्यायामाच्या दृश्यांत त्याचे शरीर पूर्ववत केले जाते, तेथे ही कसोटी ढिली पडते.

चौथ्या कसोटीवर मात्र चित्रपट घसरतो. त्याच्या पोटावर एकामागून एक विनोद केले आहेत. सोबती हसतात, प्रेक्षकांनीही हसावे अशी योजना आहे. दुःखाने मोडलेल्या माणसाला हास्यास्पद केले की प्रेक्षकांच्या मनात करुणा टिकत नाही; रस फिसकटतो. आनंदवर्धनाने अनौचित्यालाच रसभंगाचे मुख्य कारण म्हटले आहे, ते येथे पटते. तेव्हा आमच्या मित्राला काहीतरी खटकले, ते खरेच खटकण्यासारखे होते. फक्त त्याने बोट चुकीच्या जागी ठेवले. थॉरचे कोसळणे खोटे नाही. त्या कोसळण्यावरचे हसू खोटे आहे.

येथे कोणी म्हणेल की, चित्रपटातील देवाच्या पोटावर एवढा खल कशाला? त्याला कारण आहे. आपण पडद्यावरील नायकाकडून जे मागतो तेच नकळत घरातील माणसांकडूनही मागत असतो. आपला जिल्हा कापसाचा. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा अंत झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याचे नाव देशाने कोणत्या संदर्भात ऐकले हे सांगावयास नको. त्या दुःखाची कारणे कर्जात, भावात आणि पावसात आहेत. ती नाटक-सिनेमात शोधणे हा त्या माणसांचा अपमान ठरेल. पण त्या कारणांच्या जोडीला एक मुकेपण असते. 'बाप माणसानं रडू नये', 'गड्यानं हिंमत सोडू नये' ही वाक्ये आपण लहानपणापासून ऐकतो. मोंढ्यातून परत आलेला बाप बैलगाडी सोडतो, हातपाय धुतो, काही बोलत नाही आणि आपण मनात म्हणतो, बाबा खंबीर आहेत! तो खंबीर आहे की नुसता मुका आहे, हे आपण कधी विचारतो काय?

ज्या संस्कृतीने आपल्या सर्वांत धीरगंभीर नायकाला अरण्यात मूर्च्छित पडू दिले, सर्वश्रेष्ठ धनुर्धराला रथात बसू दिले, त्या संस्कृतीत कष्टकरी माणसाच्या अश्रूंना जागा नसावी, हे विपरीत नव्हे काय? लक्षात घ्या, यातील कोणीही एकटा नव्हता. रामाजवळ लक्ष्मण होता, अर्जुनाजवळ श्रीकृष्ण होता, अकिलीसचे हात धरणारा सोबती होता, थॉरला आई भेटली. नायक कोसळतो तेव्हा कथेची खरी परीक्षा त्याच्याजवळ कोण बसले आहे यावर ठरते. आपलीही परीक्षा तेथेच होणार आहे.

कडुनिंबाखालचा वाद अजून मिटलेला नाही. परवा मित्र पुन्हा म्हणाला, "तरी बी त्याचं पोट मले पटलं नाही." वर्गमैत्रीण म्हणाली, "मले बी नाही पटलं. पण त्याच्यावर हासले ते त्याहून नाही पटलं." मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "हे मात्र खरं हाये." एका वादातून एवढे हाती लागले, हे काय थोडे झाले?